फॉल्ट जॉइंटात आहे

आईची उजवी पापणी पहिल्यांदा उतरली ती गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी. सकाळपासून ती चुलीपुढे होती, घरच्यांचे आणि आल्यागेल्यांचे घावन तिने एकटीने घातले होते, त्यामुळे "दमलीस गं" यापलीकडे कुणी काही म्हटलं नाही. तीही म्हणाली, "डोळा जड झालाय नुसता." रात्री झोपली, सकाळी उठली तर डोळा टक्क उघडा. विषय संपला.

पुढच्या सहा महिन्यांत तो विषय अधूनमधून डोकं वर काढत राहिला. संध्याकाळची मालिका ती एक डोळा हाताने झाकून बघायची, कारण दोन्ही डोळ्यांनी बघितलं की दोन-दोन नायिका दिसायच्या. फोनवर सुरुवातीला नीट बोलायची आणि दहा मिनिटांनी आवाज नाकात जायचा, सर्दी झाल्यासारखा. जेवताना अर्धी भाकरी झाली की भूक नाही म्हणून ताट सरकवायची. शिमग्याला मी घरी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. आई पाटावर एकटीच जेवत होती, आणि डाव्या हाताच्या मुठीने हनुवटी खालून वर ढकलत घास चावत होती. एक घास, मग थांबायचं, मग परत मूठ लावायची. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिने हात पटकन मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तांदळाची भाकरी हल्ली चिवट होते गं."

दरम्यान तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दोनदा दाखवून झालं होतं. दोन्ही वेळा सकाळी दहाला. सकाळी दहाला आई ठणठणीत असायची. डोळे उघडे, आवाज खणखणीत, हाताची पकड पक्की. वयाप्रमाणे होतं, थोडं टेन्शनही असेल, बी-ट्वेल्व्ह घ्या, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. तेव्हा मी फार चिडले होते. आता तेवढी चिडत नाही. या आजाराची खोडच अशी की ओपीडीच्या वेळेला तो जागेवर सापडत नाही.

पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली ती, नशिबाने, संध्याकाळी साडेसहाची. त्यांनी आईला छताकडे बघायला सांगितलं. मान न हलवता, नुसते डोळे वर. वीस सेकंद, तीस, चाळीस, आणि आमच्या देखत उजवी पापणी खाली यायला लागली. आतून कुणी दोरी सैल सोडत असावं तशी, जरा जरा करत. बाबा खुर्चीवरून अर्धे उठले. डॉक्टरांनी नर्सला सांगून रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून आणवले आणि तो मोजा आईच्या मिटल्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटं घड्याळ लावून. मोजा काढला तेव्हा गालावरून पाणी ओघळत होतं आणि डोळा उघडा होता. आई म्हणाली, "अगंबाई, दिसतंय की!" ते काही फार टिकलं नाही, पण डॉक्टरांना हवं ते मिळालं होतं.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढली, रेघेच्या टोकाला एक बोंड, बोंडासमोर थोडी जागा सोडून एक जाड पट्टी. रेघ म्हणजे चेतातंतू, पट्टी म्हणजे स्नायू. मेंदूचा निरोप रेघेवरून व्यवस्थित येतो, स्नायूतही ताकद आहे, पण मध्ये जिथे एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा तिथे गडबड आहे, असं ते सांगत होते. बाबांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला, बोंडासमोरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे फॉल्ट लायनीत नाही. जॉइंटात आहे?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "काका, तुम्ही काय करायचात?"

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, एकतीस वर्षं. पावसाळ्यात अर्ध्या तालुक्याचे फोन मेले की लोक म्हणायचे वायर तुटली. बाबा म्हणायचे, वायर तुटायला झाड पडावं लागतं. एरवी मरतो तो जॉइंट. पाणी शिरतं, तांब्याला हिरवा गंज धरतो, आणि फोन "हॅलो, हॅलो" करत खरखरायला लागतो. डब्याचं झाकण काढायचं, जोड घासायचा, परत पिळून घट्ट करायचा. जोड घट्ट असला की निरोप जातो, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. त्यामुळे त्या संध्याकाळी बाहेर पडताना त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती. डॉक्टरांच्या चित्रात ती जागा मोकळी होती. "जोडच नाहीये तिथे," ते रिक्षात बसल्यावर म्हणाले. "चांगल्या माणसाच्यातसुद्धा नाहीये."

या एका शंकेवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मोठं भांडण झालं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी काळ्या रंगवायची रीत शोधली, आणि त्याचं ठाम मत होतं की मेंदूतलं सगळं जाळं एकमेकांत विणलेलं, अखंड आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहालने त्याचीच रीत वापरून, सूक्ष्मदर्शकाखाली बसून वर्षानुवर्षं चित्रं काढली आणि उलट सांगितलं. प्रत्येक पेशी सुटी आहे, टोकं एकमेकांपाशी येतात आणि थांबतात. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, तर गोल्जीने नोबेलच्या व्याख्यानातच काहालचा सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला. बाबा त्या सभेत असते तर गोल्जीच्या बाजूने टाळ्या वाजवल्या असत्या. खरा निघाला काहाल. ती फट प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. नस आणि स्नायू यांच्यामधलं अंतर साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा हजारावा भागसुद्धा नाही. पण आहे.

आपल्याला शाळेत "चेतातंतू म्हणजे शरीरातल्या तारा" असं शिकवलं. ते अर्धंच खरं आहे, आणि माझ्या मते त्याने नुकसानच जास्त होतं. नसेतून वीज तारेतल्यासारखी वाहत नाही. तंतूच्या भिंतीत बारीक दारं असतात; एक उघडतं, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, असं करत करत लाट पुढे सरकते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नसेत हा वेग मोजला तो सेकंदाला सत्तावीसेक मीटर भरला, म्हणजे एक्सप्रेसवेवरच्या गाडीएवढा. त्याआधी मोठमोठ्या लोकांना वाटायचं की हा वेग मोजताच येणार नाही. लाट टोकाशी पोचते आणि तिथे संपते. फट ओलांडणं तिच्या हातात नसतं.

ओलांडतं ते एक रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन. नसेच्या टोकाच्या बोंडात याच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेका पिशवीत हजारो रेणू. लाट आली की बोंडात कॅल्शियम शिरतं, काही पिशव्या काठाला चिकटतात आणि फटीत रिकाम्या होतात. पलीकडच्या काठावर, स्नायूच्या अंगावर, हे रेणू ओळखणारी कुलपं दाटीने बसवलेली असतात. किल्ली लागली की कुलूप उघडतं, स्नायूत नवी लाट उठते, पापणी वर जाते. यातलं फट ओलांडणं होतं ते साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने स्वप्नात सुचलेला प्रयोग करून, बेडकांची दोन हृदयं घेऊन, निरोप रसायनातून जातो हे दाखवलं, ती गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. मला त्याहून जास्त आवडते ती बर्नार्ड कॅट्झची. लाइपझिगमध्ये वाढलेला हा ज्यू तरुण डॉक्टर १९३५ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटून लंडनला आला. १९५० च्या सुमारास तो आणि पॉल फॅट बेडकाच्या स्नायूत अतिशय बारीक काचेची सुई खुपसून, नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथली वीज ऐकत बसले होते. नसेला कसलाही निरोप दिलेला नव्हता. तरी सुईवर मधूनच एक बारीकशी उसळी दिसायची. मग शांतता. मग परत एक. यंत्रातला दोष म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण त्या उसळ्या ठरावीक मापाच्या निघाल्या, आणि खऱ्या निरोपाच्या वेळची मोठी उसळी म्हणजे याच छोट्या मापाच्या कितीतरी उसळ्या एकदम, असा हिशेब जमला. निरोप सुट्या धान्यासारखा ओतला जात नाही, पायलीने मोजून जातो. आणि काही निरोप नसतानाही एखादी पिशवी आपली आपण फुटते, झोपेत माणूस पुटपुटतो तशी. कॅट्झला १९७० मध्ये नोबेल मिळालं. माझ्या पापणीत आत्ता, हे लिहिताना, ते पुटपुटणं चालू असणार.

आता आईचं. आईच्या पिशव्या ठीक आहेत, किल्ल्या ठीक आहेत. तिची कुलपं कमी झालीत. तिच्याच रक्तातल्या, सर्दीतापाशी लढायला ठेवलेल्या प्रतिपिंडांनी ती परकी समजून मोडून टाकलीत. निरोगी माणसात पिशव्या आणि कुलपं गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. नस सलग कामाला लागली की पहिल्या काही खेपांनंतर दर खेपेला फुटणाऱ्या पिशव्या कमी होत जातात, तुमच्या-माझ्यातही. पण शिल्लक एवढी असते की आपल्याला पत्ता लागत नाही. आईच्यात शिल्लक नाही. पहिले दहा घास जमतात, अकराव्याला निरोप पलीकडे पुरेसा पोचत नाही. थोडं थांबलं की बोंड पुन्हा भरतं, आणि पुढचा घास चावता येतो. ती हनुवटीला मूठ लावून थांबत होती ते यासाठी. सकाळी दहाला ती ठणठणीत असायची तीही यामुळेच. रात्रभर पिशव्या भरून ठेवलेल्या असायच्या.

बर्फाचं कोडं याच फटीत सुटतं. अ‍ॅसिटिलकोलीन फटीत पडून राहिलं तर स्नायू आखडलेलाच राहील, म्हणून तिथे झाडलोट करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते सेकंदाला हजारो रेणू तोडतं. गारव्याने ते मंदावतं. किल्ल्यांना जरा जास्त वेळ मिळतो, आणि उरलीसुरली कुलपं उघडतात.

हे समजत असताना मला सारखे आमच्या वाडीतले एक काका आठवत होते. मी सातवीत होते. श्रावणातली रात्र, काका पडवीत गोधडी टाकून झोपलेले. पहाटे उठले ते पोटात दुखतंय म्हणत. थोड्या वेळाने डोळे उघडेनात. दोन्ही पापण्या उतरलेल्या, बोलणं जड. त्यांचा मेहुणा म्हणाला, "रात्रीची उतरली नाही अजून." काकूने गोधडी झटकली तेव्हा तिच्यातून मण्यार पडली. काळीभोर, अंगावर पांढऱ्या जोडरेघा. चावल्याची खूण शोधूनही धड सापडेना. मण्यार दुखवत नाही, सुजवत नाही, म्हणून तर रात्री झोपेत माणूस उठतही नाही. जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत काकांचा श्वास तुटायला लागला होता. तिथे सापाची लस होती, व्हेंटिलेटर नव्हता. रबरी फुगा होता. तो हाताने दाबायचा, सोडायचा, दाबायचा. मोठ्या गावी हलवेपर्यंत आणि पुढे वाटेतही वाडीतल्या पुरुषांनी पाळ्या लावून फुगा दाबला. बाबाही त्यात होते. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेले फोड मी पाहिलेत.

काका निपचित. पापणी उचलली तरी बुबुळ हलत नव्हतं. पाहणाऱ्याला वाटावं, संपलं. सहाव्या दिवशी त्यांची बोटं हलली, महिन्याभरात ते चालत वाडीत आले, आणि पहिल्या संध्याकाळी मेहुण्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, सरणाला आंब्याची लाकडं पुरतील का विचारत होतास ना?" मेहुण्याचा चेहरा! काकांनी त्या दिवसांतलं प्रत्येक वाक्य ऐकलं होतं. कोण रडलं, कोण उठून चहाला गेलं. कानातून मेंदूकडे जाणारे निरोप पोचत होते. मेंदूतून स्नायूकडे जाणारा एकही पोचत नव्हता.

मण्यारीचं विष बोंडावरच हल्ला करतं. आधी पिशव्या फुटतात, मग नव्या भरणं बंद पडतं, टोकच निकामी होतं. लस रक्तातलं विष निकामी करते, पण झालेली मोडतोड लगेच दुरुस्त करत नाही. नवं टोक फुटायला दिवस जातात, आणि तोवर कुणीतरी फुगा दाबत राहावं लागतं. नागाच्या विषाची तऱ्हा निराळी. ते पलीकडच्या कुलपांवर जाऊन बसतं, म्हणून नागदंशात झाडलोट थांबवणारं निओस्टिग्मिन बऱ्याचदा उपयोगी पडतं, मण्यारीत त्याचा फारसा भरवसा नसतो.

पण मण्यारीच्या कुळात कुलपांवर बसणारं विषही आहे. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून चांग आणि ली या दोघांनी १९६३ मध्ये दोन वेगळी विषं बाजूला काढली. एक नसेच्या टोकाला मारणारं आणि दुसरं, अल्फा-बंगारोटॉक्सिन, कुलपाला चिकटलं की सुटायचं नाव न घेणारं. या चिकटपणाचं शास्त्रज्ञांनी सोनं केलं. ज्याला विष चिकटतं ते कुलूप, म्हणजे विषाला किरणोत्सारी खूण लावली की कुलपं मोजता येतात. १९७३ मध्ये फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूचे तुकडे घेऊन ती मोजली, आणि ती खरंच खूप कमी भरली. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या माशातली शुद्ध कुलपं सशांना टोचली. त्यांना फक्त प्रतिपिंडं हवी होती. ससे लुळे पडले. माना टाकून, पाय पसरून. आणि मायस्थेनियाचंच औषध दिल्यावर उठले. अशा रीतीने आईचा आजार नेमका काय आहे हे कळलं, निदान मोठा भाग कळला, तो सापाच्या विषाने आणि चुकून लुळ्या पडलेल्या सशांमुळे. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी पडवीत ती मारली आपण."

औषध मात्र आजार कळायच्या कितीतरी आधी सापडलं होतं. मेरी वॉकर ही ग्रीनिचच्या एका सार्वजनिक इस्पितळात काम करणारी, फारसं नाव नसलेली डॉक्टर. तिच्या लक्षात आलं की हे रुग्ण क्युरारे या बाणावरच्या विषाने लुळे पडलेल्यांसारखे दिसतात, आणि क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन माहीत होतं. १९३४ मध्ये तिने ते एका रुग्ण बाईला टोचलं आणि उतरलेली पापणी वर गेली. फायसोस्टिग्मिन मिळायचं ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका शेंगेच्या बीमधून. तिकडे ते बी आरोपीला खायला घालून तो दोषी की निर्दोष ठरवायचे. आईच्या गोळीचं नाव पायरिडोस्टिग्मिन, पण घराणं तेच. झाडलोट थोपवून धरायची, बस. कुलपं ती वाढवत नाही. त्यासाठी स्टेरॉइड आणि बाकीची औषधं निराळी चालू आहेत. आणि प्रमाण बिघडलं की पोटात कळा, तोंडाला पाणी, जुलाब. आंब्यावरच्या तुडतुड्यांना मारायची काही जुनी औषधं नेमकं हेच विकर अडवतात, फक्त धरलं की सोडत नाहीत. फवारणीच्या दिवसांत बाबा आता आईला बागेकडे फिरकू देत नाहीत.

गोळीची वेळ बाबा सांभाळतात. सहा, दहा, दोन, सहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा असतात, जुन्या फॉल्टबुकासारख्या: वेळ, तक्रार, केव्हा सुटली. "१७.२०, पापणी. १८.०५, सुरळीत." जेवण गोळीनंतर पाऊण तासाने, कारण तेव्हा चावायला जोर असतो. भाकरी अजून पूर्ण होत नाही. मऊ भात, आमटी, कुळथाचं पिठलं चालतं. आईच्या पाकिटात एक कार्ड आहे, तिला कुठल्या अँटिबायोटिक्स देऊ नयेत याचं, कारण त्यातल्या काही याच फटीत निरोप अडवतात. ते कार्ड ती देवीच्या फोटोमागे ठेवते.

मी पुण्याहून रोज रात्री नऊला फोन करते. हे डॉक्टरांनी शिकवलंय. आईने खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात अंक म्हणत जायचं. चांगला माणूस पन्नासच्या आसपास जातो. तिचा आकडा विसाच्या खाली आला तर उद्याची वाट बघायची नाही, गाडी काढायची. म्हणून मी कानाला फोन घट्ट लावून बसते आणि ती म्हणते, एक, दोन, तीन, चार. सुरुवातीला शाळेतल्यासारखं भरभर, ठसक्यात. पंचविसाच्या पुढे आवाज नाकात जायला लागतो. मागे बाबांची कुजबुज ऐकू येते, "सावकाश, घाई नको." काल ती चौतिसावर थांबली. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"चौतीस," ती म्हणाली. "पुढचे उद्या. दूध उतू जाईल."